पिंपळे सौदागरपासून पाबळपर्यंत : पुण्याच्या कॉलेजांची गावाकडची वाट

पिंपळे सौदागर म्हटलं की आजच्या पुणेकराला टॉवर आठवतात, मॉल आठवतात आणि संध्याकाळी सातची वाहतूककोंडी आठवते. १९१७ साली याच गावावर एक आख्खं पुस्तक निघालं होतं. नाव ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’, लेखक डॉ. हॅरॉल्ड मान. हे गृहस्थ मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आधी चहाच्या मळ्यांच्या मातीवर काम केलेलं, १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कॉलेजातल्या सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या मंडळींना बरोबर घेऊन त्यांनी पवनाकाठचं हे खेडं मोजायला घेतलं. जमीन, पाणी, पिकं, कर्ज, घरखर्च, सगळं.

त्यात एक आकडा असा निघाला की पुढे कित्येक वर्षं अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून तो फिरत राहिला. १७७१ मध्ये या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१४-१५ मध्ये उरली सात. १५६ खातेदार, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे सातशेच्या वर. वाटण्या होत होत एकाचा बांध दुसऱ्याच्या चुलीला लागला होता. १९४७ चा तुकडेबंदी कायदा ज्या चर्चेतून आला, तिला या गावाच्या आकड्यांनी मोठा आधार दिला. गुंठेवारीच्या फायली घेऊन आज तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला हे सांगून पटायचं नाही, पण त्याच्या डोकेदुखीचा एक धागा थेट पिंपळे सौदागरला पोहोचतो.

मान यांनी तिथे रस्ता झाडला नाही की बंधारा घातला नाही. पण पुण्यातल्या एका कॉलेजानं आपण होऊन एखाद्या खेड्यात जाऊन बसावं, याचं इतकं नीट नोंदलेलं जुनं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्याआधी सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव फिरली होती. १८७० ला स्थापन झालेल्या सभेनं १८७६-७७ च्या दुष्काळात खेड्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, आणि १८९६ च्या दुष्काळात तिचे प्रतिनिधी शेतकऱ्यांना फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळातल्या सरकारी मदतीचे नियम, समजावत हिंडले. मात्र ते राजकारण होतं, वर्गातलं काम नव्हतं. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, तोही कॉलेजच्या कुंपणाबाहेरच.

कुंपण ओलांडलं ते धनंजयराव गाडगीळांनी. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. संस्थेनं वाई तालुक्याची पाहणी केली, पुणे शहराचीही केली. पाहणी करून परत येणारे अर्थशास्त्रज्ञ बरेच असतात. गाडगीळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर साखर कारखाना काढायला उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात त्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते पुण्याचे हे प्राध्यापक. शेअर गोळा करणं, सभासदांची समजूत काढणं, हिशेब मांडणं या गोष्टी त्यांनी केल्या. पुढे सहकारी साखरेचं काय झालं, कुणाची घराणी उभी राहिली, हा वेगळा विषय. पण विद्यापीठातला माणूस गावच्या धंद्याला काय देऊ शकतो, असं कुणी विचारलं तर मी आजही आधी प्रवरानगरचं नाव घेतो. हेच गाडगीळ १९६६-६७ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते.

तोवर दिल्लीत एक वाद चांगला मुरला होता. विद्यार्थ्यांनी देशसेवा करावी हे सगळ्यांना मान्य, पण सक्तीनं की स्वखुशीनं? डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ आयोगानं १९४८-४९ मध्ये स्वेच्छेच्या बाजूनं कौल दिला. १९५९ मध्ये सी. डी. देशमुखांची समिती नेमली गेली. चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांच्या समितीनं सांगितलं की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीची करा. पैसा कुठून आणायचा आणि एवढ्या पोरांना ठेवायचं कुठे, या दोन प्रश्नांवर ते अडलं. मग के. जी. सैयदैन यांनी इतर देशांत काय चालतं ते पाहून स्वेच्छेचीच शिफारस केली. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी सक्तीची झाली होती, तीही १९६८ मध्ये ऐच्छिक करावी लागली. कोठारी आयोगानं (१९६४-६६) समाजसेवा शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर असावी असं म्हटलं. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटी २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ३७ विद्यापीठं, ४० हजार विद्यार्थी. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं एक शिबिर. ज्यांनी हे शिबिर केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंज्या, पहाटे प्रार्थना, नऊ वाजेपर्यंत श्रमदान, दुपारी पोट भरल्यावर डुलक्या काढत ऐकलेलं बौद्धिक, रात्री पथनाट्य. आपल्याकडे त्याला ‘श्रमसंस्कार शिबिर’ म्हणायची पद्धत पडली. हा शब्द बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीनं घराघरात नेला.

योजना सुरू होते न होते तोच १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या शिबिरांना देशभर घोषणाच मिळाली, ‘दुष्काळाविरुद्ध युवक’. महाराष्ट्रात त्या वर्षी गावंच्या गावं खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. पोरांच्या हातात कुदळ येणं त्या वेळी शोभेचं नव्हतं. श्रमदान म्हणजे खोदकाम, हे समीकरण तेव्हाच घट्ट बसलं असावं असा माझा अंदाज आहे. दुष्काळ सरला, पण कुदळ राहिली.

मी स्वतः काही वर्षं या योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. वेल्ह्याच्या डोंगरात एका ओढ्यावर आम्ही सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घातला. पन्नास पोरं, चार दिवस, हाताला फोड. बांध उभा राहिल्यावर एक म्हातारबा काठीवर रेलून म्हणाले, “बेस झालं. पन वढा हितनं वाहतो व्हय? पावसाळ्यात तो पलीकडनं जातो.” चार दिवस ते रोज येऊन बघत होते. विचारलं कुणी नव्हतं, म्हणून बोलले नाहीत.

जे. पी. नाईकांकडे परत येऊ. त्यांची भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्याला आली. तिचंच एक केंद्र म्हणून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा राहिला. (पाबळ म्हणजे मस्तानीच्या समाधीचं गाव. बहुतेक पुणेकर तेवढ्यासाठीच जातात.) डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून तिथे राहायला गेले आणि २००३ मध्ये वारले तेव्हाही तिथेच काम करत होते. विद्यार्थी कोण? शाळा अर्ध्यात सोडलेली पोरं. अभ्यासक्रम काय? वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य. आणि काम खरं, म्हणजे गावातल्या कुणाला तरी हवं असलेलं. गेट पाहिजे, टाकी पाहिजे, मातीची तपासणी पाहिजे, तर त्याचे पैसे गिऱ्हाईक देणार. शिकून बाहेर पडलेल्या पोरानं स्वतःचं वर्कशॉप टाकलं तर त्यासाठी वेगळी योजना लागत नव्हती, कारण धंदा तो शिकतानाच करत होता. हे विद्यापीठ नव्हे. पण शहरातल्या पदवीधरांनी सात दिवसांऐवजी वीस वर्षं राहिल्यावर काय होतं, ते बघायचं तर पाबळला जावं.

विद्यापीठांच्या बाजूला मधल्या काळात कागद बरेच हलले. १९७७ मध्ये अनुदान आयोगानं अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य हे तिसरं अंग मानलं. त्यातून प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग आले. १९९४ मध्ये कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं आणि मूल्यांकनात विस्तारकार्यालाही गुण आले. २०१४ मध्ये उन्नत भारत अभियान आलं, त्यात प्रत्येक संस्थेनं किमान पाच गावं निवडायची होती. कृषी महाविद्यालयाची पोरं मात्र ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून आजही गावात मुक्कामी जातात, बीजप्रक्रिया नि बोर्डो मिश्रण करून दाखवतात. मान यांच्या कॉलेजाची ती सवय टिकून आहे.

‘दत्तक गाव’ हा शब्द याच काळात रुळला. आपल्याकडे दत्तकविधानात वारसा मिळतो तो दत्तक गेलेल्याला. इथे फोटो, अहवाल आणि गुण मिळतात दत्तक घेणाऱ्याला. गावाला मिळते कमानीवरची पाटी.

आणि आता नवं शैक्षणिक धोरण. राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाचे उपक्रम थेट श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) आले. १९५९ मध्ये देशमुखांना जे जमलं नाही, ते गुणपत्रिकेच्या मागच्या दारानं झालं. त्यामुळे कुदळीऐवजी लॅपटॉप आला, हे एका परीनं बरंच. वाणिज्यची मुलं बचत गटाची खातेवही लावून देतात, क्यूआर कोड काढून देतात. आमच्या मुलींनी एका गटाच्या नाचणीच्या पापडांना सुरेख लेबल केलं. डोंगर, सूर्य, वळणदार अक्षरं. पुण्यातल्या दुकानदारानं पाकीट उलटसुलट केलं आणि विचारलं, “वजन कुठंय? तारीख? अन्न परवान्याचा नंबर?” तिन्ही नव्हतं. मग तो नोंदणी क्रमांक काढण्यात आमचं पूर्ण सत्र गेलं. त्या मुली त्या सत्रात जे शिकल्या ते कुठल्याही बौद्धिकात शिकल्या नसत्या. भीमथडी जत्रेत त्या ताईंनी पुढच्या डिसेंबरात पापड विकायला ठेवले. ती जत्रा भरते कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर.

शहराजवळच्या गावांची मात्र वेगळीच पंचाईत झाली आहे. एकेका गावात चार-चार कॉलेजांची पोरं प्रश्नावली घेऊन येतात. गेल्या वर्षी एका घरी आमच्या विद्यार्थिनीनं टॅब उघडायच्या आत ओट्यावर शेंगा निवडणाऱ्या काकूंनी सुरुवात केली, “लिही बाळा. माणसं सहा, जमीन दीड एकर, संडास आहे, गॅस आहे, थोरली बारावी. पुढचा प्रश्न कर्जाचा असंल, ते सोसायटीचं हाय.”