चिनी बेकरी: घरात भट्टी नसलेल्या लोकांची गोष्ट

दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत भरून गल्लीच्या टोकाच्या बेकरीत नेऊन द्यायचं आणि संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात गरम नानकटाई घेऊन घरी यायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना चिनी बेकरी समजायला फार वेळ लागणार नाही. कारण मुद्दा तोच आहे. आपल्या घरात चूल होती, तवा होता, कढई, मोदकपात्र सगळं होतं, भट्टी मात्र नव्हती. चिनी घरातही कढई आणि वाफवायची बांबूची परडी एवढ्यावर सगळं भागायचं, आजही हाँगकाँगच्या खुराड्याएवढ्या फ्लॅटमध्ये ओव्हन ठेवायला जागा कुठाय. म्हणून भाजलेलं काही खायचं तर दुकानातच जायचं, आणि म्हणूनच तिथे दर दोनतीन गल्ल्यांआड एक बेकरी दिसते, जिथे सकाळी सातला ट्रे आणि चिमटा हातात घेऊन ऑफिसला निघालेली माणसं बन उचलत असतात.

म्हणजे चीनमध्ये भाजणं माहीतच नव्हतं असं नाही हं. गहू मुळात पश्चिमेकडून तिकडे गेला आणि हान घराण्याच्या काळात (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) दगडी जाती सगळीकडे पसरल्यावर पिठाचे पदार्थ वाढले, त्या सगळ्यांना मिळून 'बिंग' म्हणायचे. त्यातला एक 'हू बिंग', 'हू' म्हणजे पश्चिमेकडचे परके लोक, आणि हा प्रकार म्हणजे तीळ लावून भट्टीच्या भिंतीला थापून भाजलेली जाड पोळी. आपल्या तंदुरी रोटीचा लांबचा नातेवाईकच म्हणा ना, आजचा 'शाओबिंग' त्याच घराण्यातला. पण रोजच्या खाण्यात वाफवलेले मान्तौ आणि सारण भरलेले बाओझीच जिंकले.

दक्षिणेकडे, ग्वांगडाँग प्रांतात, भाजलेल्या गोड 'बेंग'ची वेगळी परंपरा होती (बिंगचाच कँटनीज उच्चार बेंग). कोहळ्याचं सारण भरलेली, पापुद्र्यांची 'लोउ पो बेंग', म्हणजे शब्दशः बायकोची बेंग. अक्रोडाच्या नावाने ओळखली जाणारी तडे गेलेली खुसखुशीत बिस्किटं, तोंडात टाकली की नानकटाईचीच आठवण येते, फक्त तुपाच्या जागी डुकराची चरबी. हे आधीच सांगून ठेवते कारण आपल्याकडचे लोक तिथे जाऊन 'व्हेज आहे का' विचारतात आणि दुकानदार 'हो, आत मांस नाही' असं अगदी प्रामाणिकपणे सांगतो. मांस नसतंच. चरबी पिठात असते.

या बेंगवाल्यांचा खरा धंदा सणाचा आणि लग्नाचा. मुलीचं लग्न ठरलं की तिच्या घरच्यांनी नातेवाइकांना बेंगचे डबे वाटायचे, डबा आला म्हणजे आमंत्रण आलं. गोव्यात ख्रिस्ती लग्नात बोल आणि दोदोलचं 'वजें' जातं ते आठवलं ना? तसंच काहीसं. आणि मग मूनकेक. चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा हा सण बऱ्याच वर्षी आपल्या अनंत चतुर्दशीच्या आगेमागेच येतो, म्हणजे आपण गणपती पोचवून येतो तेव्हा तिकडे कमळाच्या बियांचं सारण आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक असलेले जड मूनकेक कापले जातात. हाँगकाँगमध्ये कामगारवर्गाला एकदम एवढे डबे घेणं परवडायचं नाही, म्हणून बेकऱ्यांनी चक्क मूनकेकची भिशी काढली होती, महिन्याला थोडे थोडे पैसे भरायचे आणि सण आला की डबे घेऊन जायचं. आजच्या मोठ्या नावांपैकी की वाह 1938 सालची आणि विंग वाह 1950 सालची, दोघींचाही पाया याच लग्नाच्या आणि मूनकेकच्या डब्यांवर उभा आहे.

आता पावाकडे येऊ. 1842 मध्ये नानजिंगच्या तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेलं आणि साहेबाला सकाळी पाव लागतो, तो कोण भाजणार, तर चिनी माणूस. म्हणजे खाणारे गोरे, भाजणारे चिनी, आणि भाजणारा स्वतः तो पाव खात नाही, अशी गंमत. या व्यवस्थेचा सगळ्यात भयंकर दिवस म्हणजे 15 जानेवारी 1857. ब्रिटन आणि चीनमधलं दुसरं अफूचं युद्ध सुरू होतं, वातावरण तापलेलं, आणि एसिंग नावाच्या बेकरीच्या पावात आर्सेनिक, म्हणजे सोमल, सापडलं. त्या सकाळी शेकडो युरोपियन लोक ओकायला लागले. विष इतकं जास्त पडलं होतं की ते पोटात टिकलंच नाही, उलटीवाटे बाहेर आलं आणि त्यामुळेच बहुतेक लोक वाचले. गव्हर्नर जॉन बाउरिंग यांच्या पत्नी आजारी पडल्या त्या पूर्ण सावरल्याच नाहीत. बेकरीचा मालक चाँग आह-लुम त्याच सकाळी कुटुंबाला घेऊन मकाऊला निघालेला, त्यामुळे संशय थेट त्याच्यावर, पण खटल्यात पुरावा टिकला नाही, ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. आणि तरीही नंतर त्याला वसाहत सोडायला लावलीच. विष कोणी टाकलं हे कोडं आजतागायत सुटलेलं नाही.

याच काळात मुंबईहून एक पारशी माणूस तिथे पोचला होता, दोराबजी नवरोजी मिठाईवाला. आडनाव बघा! आचारी म्हणून कामं करत करत वर आला आणि 1888 मध्ये त्याने बेट आणि समोरच्या किनाऱ्यावरचं कौलून यांच्यामध्ये फेरीबोटींची कंपनी काढली, तीच पुढे 1898 मध्ये स्टार फेरी झाली. बेकरीचा इतिहास सांगताना हा माणूस थोडा आडवाटेला आहे हे मान्य, पण मराठी वाचकांना स्टार फेरीचे फोटो टाकताना हे माहीत असलेलं बरं.

चिनी माणूस स्वतः पाव खायला लागला तो विसाव्या शतकात, आणि त्यात हाँगकाँगइतकाच हात शांघाय आणि ग्वांगझौचा. रशियन क्रांतीनंतर पळून आलेल्या रशियनांनी शांघायमध्ये बेकऱ्या आणि कॅफे काढले, तिथल्या कारागिरांनी पेस्ट्री शिकून घेतली, शांघायच्या पार्क हॉटेलच्या फुलपाखरू खारीसाठी तर आजही रांग लागते (चव साधारण आपल्या गोड खारीची, ज्याला तोंडात टाकल्यावर कपड्यांवर चुरा पाडायची सवय आहे). ग्वांगझौमध्ये 1920 च्या दशकात हॉटेलांची आपसात अशी चुरस होती की दर आठवड्याला नवीन डिमसमची, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या पदार्थांची, यादी काढायचे, त्या गडबडीत इंग्रजी कस्टर्ड टार्टची चिनी आवृत्ती तयार झाली, तोच 'दान तात', एग टार्ट. तिकडे हाँगकाँगमध्ये 1926 मध्ये गार्डन कंपनी निघाली, तिचा मेणकागदात गुंडाळलेला पाव आजही दुकानात असतो.

मग 1949. चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली आणि लोंढेच्या लोंढे हाँगकाँगमध्ये उतरले. 1945 साली तिथे जेमतेम 6 लाख लोक होते, 1950 च्या सुमारास 20 लाखांच्या पुढे. त्यात शांघायचे पेस्ट्रीवाले होते, ग्वांगझौचे डिमसमवाले होते, आणि हजारो माणसं अशी की ज्यांना स्वस्त, पोटभर आणि उभ्या उभ्या खाता येईल असं काहीतरी हवं होतं. ब्रिटिशांच्या हॉटेलातला दुपारचा चहा त्यांना परवडत नव्हता, काही ठिकाणी तर दारातच कुणी उभं केलं नसतं. मग त्याच चहाची गरिबांसाठी नक्कल निघाली, आधी 'बिंग सट' म्हणजे थंड पेयांची दुकानं आणि नंतर 'छा छान थेंग', आपल्या इराण्याच्या हॉटेलचा सख्खा चुलतभाऊ. ताजं दूध महाग म्हणून डब्यातलं आटवलेलं दूध घालून कडक चहा, लोणी महाग म्हणून चरबी, आणि केक परवडत नाही म्हणून पावालाच केकचा मुखवटा.

तो मुखवटा म्हणजे 'बोलो बाव', अननसाचा बन, ज्यात अननस औषधालाही नसतो. साधा मऊ गोड पाव, त्यावर साखर, चरबी, अंडं आणि मैद्याचा बिस्किटासारखा थर, भाजताना तो तडकतो आणि अननसाच्या सालीसारखा दिसतो म्हणून हे नाव. कुठून आला यावर भांडणं आहेत, कोणी म्हणतं जपानी मेलन पानवरून, कोणी म्हणतं मेक्सिकोहून परतलेल्या चिनी कुटुंबांनी तिथल्या कोंचा नावाच्या बनची आठवण सोबत आणली. मला स्वतःला वाटतं की साधा पाव फिका लागतो म्हणून वर साखरेचा थर द्यावा हे सुचायला कोणाला मेक्सिकोला जायची गरज नाही, पण असो. गरम बोलो बाव मधोमध कापून त्यात फ्रिजमधल्या थंडगार लोण्याची जाड चकती सरकवली की झाला 'बोलो यौ'. बनमस्का हो! फक्त आपल्याकडे मस्का फासतात आणि तिकडे लोणी वितळायच्या आत खायचं असतं, गरमगार हीच मजा.

दुसरा माझा आवडता, 'गाय मेई बाव', कॉकटेल बन. दारूचा थेंब नाही. 1950 च्या दशकातली गोष्ट, दिवसअखेर उरलेले बन टाकवत नव्हते, तर कोणा बेकरीवाल्याने ते कुस्करले, त्यात साखर आणि खोबरं मिसळलं आणि तेच सारण दुसऱ्या दिवशीच्या नवीन बनमध्ये भरून विकलं. शिळ्या पोळीचा लाडू तो हाच. सगळं एकत्र मिसळलं म्हणून कॉकटेल, आणि त्या शब्दाचं भाषांतर करताना त्यांनी अक्षरशः 'कोंबडीची शेपटी' केलं. आता सारण ताजंच करतात, नाव आणि खोबरं मात्र तसंच राहिलं.

एग टार्टचे दोन पंथ आहेत, एक पापुद्र्यांच्या खारीसारख्या कवचाचा आणि एक बिस्किटी कवचाचा, आणि त्यावरून लोक पुणेरी मिसळ की कोल्हापुरी इतक्या गंभीरपणे वाद घालतात. बिस्किटी पंथाचं देऊळ म्हणजे 1954 साली सुरू झालेली ताई चाँग बेकरी. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन (1992 ते 1997) तिथले टार्ट इतके आवडीने खायचे की दुकानाची जाहिरात आयतीच झाली, लोकांनी त्यांचं नाव 'फेई पांग', जाडा पांग (पांग हे पॅटन यांचं चिनी आडनाव), असं ठेवलं होतं त्यात या टार्टचाही वाटा असणार. 2005 मध्ये भाडं परवडेना म्हणून ती बेकरी बंद पडली तेव्हा शेवटच्या दिवसांत रांगा लागल्या, नंतर जवळच पुन्हा उघडली. 2014 मध्ये सरकारने अमूर्त वारशाची 480 गोष्टींची यादी केली त्यात बोलो बाव आणि एग टार्ट बनवायची कला दोन्ही आहेत. म्हणजे गरिबांची नक्कल साठसत्तर वर्षांत वारसा झाली.

मकाऊचा टार्ट वेगळा, तो वरून करपवलेला, पोर्तुगीज पास्तेल द नाताच्या वळणाचा. मकाऊ चारेकशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं म्हणून हा तिथे जुनाच असेल असं वाटतं, पण आजचा प्रसिद्ध प्रकार 1989 मध्ये अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रजाने कोलोआन गावात काढला. पोर्तुगीज टार्ट, इंग्रज बेकर, चिनी गिऱ्हाईक. 1998 च्या सुमारास तैवानमध्ये या टार्टची अशी लाट आली की जिकडेतिकडे दुकानं निघाली आणि काही महिन्यांत पटापट बंदही पडली, तेव्हापासून तिथे कुठल्याही क्षणिक फॅडला 'एग टार्ट परिणाम' म्हणतात.

पोर्तुगीजांचं निघालंच आहे तर एक शब्दांची गंमत. आपला 'पाव' पोर्तुगीजांच्या 'पाँव'वरून आला, जपान्यांचा 'पान' त्यावरूनच, आणि तैवान जपानच्या ताब्यात होतं (1895 ते 1945) त्यामुळे तैवानी भाषेतला 'फांग'ही तिथूनच. म्हणजे मुंबईचा पाववाला आणि तैपेईचा फांगवाला एकाच शब्दाची भाकरी खातात. पण कँटनीज 'बाव' मात्र या कुळातला नाही, आवाज सारखा असला तरी तो त्यांचा स्वतःचा जुना शब्द, 'गुंडाळणं' या अर्थाचा. बाव आणि पाव हे जुळे भाऊ वाटतात आणि निघतात शेजारी.

बनचा तो कापसासारखा मऊपणा बराचसा जपान आणि तैवानच्या वळणाचा. थोडं पीठ पाचपट पाण्यात साधारण 65 अंशांपर्यंत शिजवून त्याची खळ करायची, म्हणजे आपल्या उकडीसारखंच पण पातळ, आणि ती कणकेत घालायची. पिठातला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि बन दोनतीन दिवस मऊ राहतो. याला 'तांगझोंग' म्हणतात. तैवानचे बेकर आता इतके पुढे गेलेत की 2010 मध्ये वू पाओ-चुन यांनी पॅरिसच्या बेकिंग स्पर्धेत लिची घातलेल्या पावावर पहिला नंबर काढला.

अमेरिकेत या बेकऱ्या चायनाटाउनमधून पोचल्या. सॅन फ्रान्सिस्कोची ईस्टर्न बेकरी 1924 ची, न्यूयॉर्कचं नॉम वाह 1920 चं, तेही सुरुवातीला मूनकेक आणि बदामी बिस्किटांसाठीच ओळखलं जायचं. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी होती, ती 1943 मध्ये उठली आणि 1965 नंतर दारं खरी उघडली, मग हाँगकाँगचे बन तिकडे गेले, आणि 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे परत जाणार या भीतीने निघालेल्या लोकांबरोबर व्हँकुव्हर आणि टोरंटोलाही. 2004 मध्ये तैवानमध्ये सुरू झालेली 85 डिग्री नावाची साखळी आता कॅलिफोर्नियात जागोजागी आहे आणि शनिवारी सकाळी तिथल्या रांगेत मराठी हमखास ऐकू येतं.

माझी मावसबहीण तिकडेच असते. ती बरेच दिवस एक जांभळट सारणाचा बन मोठ्या कौतुकाने आणायची, काहीतरी खास चिनी रताळं असणार म्हणून. मग एकदा तिच्या सासूबाई आल्या होत्या, त्यांनी एक घास खाल्ला, थोडा वेळ चघळला आणि म्हणाल्या, अगं ही तर अळकुडी.