ताखींचा माळ आणि प्रागची वंशावळ

मंगोलियाची राजधानी उलानबातर बघायला जाणाऱ्याने एक रात्र हुस्ताई राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवावी. शहराच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटर, गाडीने दोनेक तास, शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. सकाळी जाऊन दुपारी परत फिरलात तर ज्याच्यासाठी गेलात तो दिसेलच असं नाही. ताखी, म्हणजे मंगोलियाचा रानटी घोडा, उन्हाळ्यातल्या दुपारी माश्यांना टाळायला वाऱ्याच्या डोंगरधारेवर जाऊन उभा राहतो. ऊन कललं की पाण्यासाठी आणि गवतासाठी खाली दरीत उतरतो. या अक्षांशावर जून-जुलैत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे बघायला संध्याकाळ भरपूर मिळते.

ताखींची वाट बघताना समोरचे डोंगरही नीट बघा. उद्यान पन्नास हजार हेक्टरांच्या आसपास, उंची ११०० पासून १८४० मीटरपर्यंत, दक्षिणेच्या अंगाने तूल नदी. जवळपास प्रत्येक डोंगराच्या दोन बाजू दोन तऱ्हेच्या आहेत. दक्षिणेकडच्या उतारावर नुसतं गवत आणि उत्तरेकडच्या उतारावर बर्चची झाडी. इथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, तेही बहुतेक जून ते ऑगस्टमध्ये. सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, त्यामुळे तो उतार तापतो आणि ओल उडून जाते. उत्तरेच्या उतारावर बर्फ सावकाश वितळतो, माती ओली राहते आणि तेवढ्या ओलीवर झाड तग धरतं. सायबेरियाचं जंगल आणि मध्य आशियाचा गवताळ माळ यांची सीमा इथे प्रत्येक टेकडीच्या माथ्यावरून जाते.

गवताचा मोठा हिस्सा तर दिसतच नाही. अशा कोरड्या, थंड माळावर वनस्पतींचं जमिनीखालचं वजन वरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. चरून, गोठून, वाळून वरचं सगळं गेलं तरी मुळं शाबूत असतात आणि जूनच्या पहिल्या पावसावर माळ पुन्हा हिरवा होतो. या माळावर मार्मोटची बिळं आहेत, मराल हरणं आहेत, लांडगे आहेत. उन्हाळ्यात कांड्या करकोचेही असतात. हेच पक्षी हिवाळ्यात हिमालय ओलांडून राजस्थान-गुजरातेत उतरतात.

आता ताखी. खांद्यापाशी उंची सव्वाशे ते एकशे चाळीस सेंटिमीटर, अंगाने ठेंगणा पण भरीव, वजन तीनशे किलोच्या घरात. रंग वाळलेल्या गवतासारखा, पोट फिकट, नाकाभोवती पीठ लागल्यागत पांढुरकं. आयाळ आखूड आणि ताठ उभी. कपाळावर झुलपं येत नाहीत, कारण आयाळीचे केस दरवर्षी झडून नवे येतात, लांब वाढायला त्यांना सवडच मिळत नाही. पाठीच्या कण्यावरून एक काळी रेघ शेपटीपर्यंत जाते आणि पायांवर पुसट आडवे पट्टे दिसतात. दुर्बिणीतून बघताना आधी आयाळ आणि मग पाय बघावेत. दूरवरच्या पाळीव मंगोल घोड्यापासून ताखी ओळखायला एवढं बहुतेक वेळा पुरतं.

एका कळपात एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरं. नर आपली लीद ठरलेल्या जागी टाकतो. जाता-येता तिथे थांबतो, हुंगतो, वर नवी भर घालतो. दुसरा नर तिथे आला की वास घेऊन त्याला कोण येऊन गेलं ते कळतं आणि पुष्कळदा भांडण तिथल्या तिथे टळतं. लांडगे आले तर घोड्या शिंगरांना मध्ये घेतात. तरीही काही शिंगरं लांडगे नेतातच.

हे सगळं आज डोळ्यांनी दिसतं ही साधी गोष्ट नाही. १९६९ मध्ये मंगोलियाच्या नैर्ऋत्येला, गोबीच्या कडेला, रानातला शेवटचा ताखी दिसला. त्यानंतर कुणालाच दिसला नाही. जगात उरले ते फक्त प्राणिसंग्रहालयांत. १९०० च्या आसपास युरोपातल्या संग्राहकांसाठी शिंगरं पकडून नेली होती, त्यांचे ते वंशज. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यातलेही फार थोडे वाचले. प्रजनन चालू राहिलेले कळप दोनच, एक प्रागमध्ये आणि एक म्युनिकमध्ये. १९४७ मध्ये मंगोलियात पकडलेली एक घोडी पुढे यांच्या वंशात मिसळली. आज जगात दोन हजारांहून अधिक ताखी आहेत आणि ते सगळे जेमतेम बारा रानटी पूर्वजांपासून आलेले आहेत. एक पाळीव मंगोल घोडीही त्या वंशात शिरलेली आहे.

बारा पूर्वज म्हणजे जवळच्या नात्यात जोड्या लागणं अटळ. त्यातून दबलेले दोष वर येतात, शिंगरं लवकर मरतात, आयुर्मान घटतं. हे थोपवायचं तर कुठली घोडी कुणाची, कुठला नर तिचा कोण लागतो, हे ठाऊक असायला हवं. १९५९ पासून प्राग प्राणिसंग्रहालय जगभरच्या ताखींची वंशावळ ठेवतं. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरकडचे हेळवी घराण्यांच्या पिढ्या चोपडीत सांभाळतात, तशीच ही नोंद. तिच्या आधारे दूरच्या नात्यातले नर-मादी देशोदेशी हलवले गेले. माझ्या मते ताखी वाचला तो सगळ्यात आधी या नोंदवहीमुळे. कुंपणं, निधी, विमानं या गोष्टी तिच्यानंतरच्या.

१९७७ मध्ये नेदरलँड्समध्ये यान आणि इंगे बाउमन यांनी सहकाऱ्यांसह ताखींसाठी एक संस्था काढली. प्राणिसंग्रहालयांतून घोडे घेऊन त्यांनी ते आधी मोठ्या मोकळ्या कुरणांत ठेवले, त्यांचे कळप बनू दिले. मंगोलियातल्या निसर्गसंरक्षकांसोबत जागा निवडली ती हुस्ताई. ५ जून १९९२ रोजी पहिले ताखी इथे उतरले. २००० पर्यंत आणखी तुकड्या येत राहिल्या, एकूण ८४ घोडे. दरम्यान १९९३ मध्ये या भागाला संरक्षण मिळालं आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा. घोडे एकदम मोकळे सोडले नाहीत. दोनेक वर्षं कुंपणात ठेवून मग दार उघडलं. कारण युरोपात वाढलेल्या या जनावरांनी उणे तीस अंशांची थंडी सोसली नव्हती, लांडगा पाहिला नव्हता, इथल्या गोचिडांपासून होणाऱ्या रक्ताच्या आजाराशी त्यांची गाठ पडली नव्हती. आज इथली संख्या चारशेच्या आसपास आहे.

थंडीशी जुळवून घेण्याची तयारी मात्र त्यांच्या शरीरातच होती. ऑस्ट्रियात मोठ्या मोकळ्या आवारातल्या ताखींवर संशोधकांनी मोजमापं घेतली. हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, कातडीखालचं तापमान उतरतं आणि एकूण ऊर्जाखर्च उन्हाळ्यापेक्षा बराच खाली येतो. शीतनिद्रेत न जाता, चालते-फिरते राहून घोड्याने हे करावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

ताखी खरंच रानटी का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. २०१८ मध्ये प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला की ताखी हे उत्तर कझाकस्तानातल्या सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या बोताई वस्तीतल्या घोड्यांचे वंशज आहेत. बोताईचे घोडे पाळीव होते असं मानलं, तर ताखींचे पूर्वज कधीकाळी माणसाकडून सुटून रानात गेले असं म्हणावं लागतं. २०२१ मध्ये त्याला आक्षेप आला. बोताईच्या घोड्यांच्या दातांवरची झीज लगामाची नसून नैसर्गिक असू शकते, ते शिकारीतले घोडे असावेत, असा तो आक्षेप. आजच्या पाळीव घोड्यांचं मूळ वेगळंच आहे, व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खोऱ्याकडचं. ताखी आणि पाळीव घोड्यांच्या वंशशाखा सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वी फुटल्या. बोताईचा निकाल कसाही लागो, हजारो वर्षं माणसावाचून जगलेला हा वेगळ्या शाखेचा घोडा आहे आणि जपायला तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

या शाखेची खूण पेशीत सापडते. ताखीची गुणसूत्रं ६६, पाळीव घोड्याची ६४. ताखीतल्या दोन जोड्या पाळीव घोड्यात जुळून एक झालेल्या आहेत. संकरातून होणाऱ्या शिंगराची गुणसूत्रं ६५ येतात. खेचर सहसा वांझ असतं, पण हे शिंगरू वांझ नसतं, त्याला पुढे पिल्लं होतात. हुस्ताईची खरी चिंता इथे आहे. उद्यानाला कुंपण नाही, भोवती पशुपालकांचे तळ आहेत आणि प्रत्येक तळावर घोडे आहेतच. कळप न मिळालेला एखादा तरुण ताखी सीमेबाहेर पाळीव घोड्यांत गेला किंवा पाळीव नर आत आला, तर दोन-चार पिढ्यांत साठ वर्षांची वंशावळ गढूळ होऊ शकते.

दुसरी भीती झुडची. उन्हाळ्यात दुष्काळ आणि पाठोपाठ कडक हिवाळा, गवतावर बर्फाचा थर, याला मंगोलियात झुड म्हणतात. २००९-१० च्या झुडमध्ये गोबीच्या कडेच्या ताखिन ताल भागातले निम्म्याहून जास्त ताखी गेले. हुस्ताईचं नुकसान त्या मानाने कमी होतं. म्हणूनच मंगोलियात तीन वेगवेगळ्या ठिकाणी ताखी ठेवले आहेत आणि २०२४ मध्ये प्राग प्राणिसंग्रहालयाच्या पुढाकाराने कझाकस्तानातही काही पाठवले गेले.

हुस्ताईचे वनरक्षक दररोज कळपांच्या मागावर असतात. कुठलं शिंगरू कुठल्या घोडीचं, कुठला नर कुणाकडून हरला, कोण सीमेकडे सरकतंय, याची ते नोंद करतात. संध्याकाळी दरीत थांबाल तेव्हा सोबतच्या वाटाड्याला समोरच्या कळपाबद्दल विचारा. नर कोण, कुठून आला, किती वर्षं टिकून आहे, हे ऐकल्यावर तोच कळप वेगळा दिसायला लागतो.