सशाच्या मेंदूतलं क्षितिज

टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात, कारण त्याला मागचंही दिसतं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता साधारण ३५० अंशांचा परिसर त्याच्या नजरेत असतो. सशाचं वर्तुळ तर जवळपास पूर्ण होतं आणि डोक्यावरचं आकाशही त्यात येतं. माणसाच्या वाट्याला समोरचे १८०-२०० अंश. ‘झापडबंद’ हा शब्द आपण एकमेकांना लावतो खरा, पण घोड्याच्या हिशोबाने आपण सगळेच जन्मजात झापडबंद.

एवढं मोठं दृश्य, तेही दोन वेगळ्या तुकड्यांत येणारं, मेंदू मांडतो कुठे आणि कसं? प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. फक्त बराच काळ तो माणसाला मापदंड धरून विचारला गेला.

न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये पंधराव्या प्रश्नात तो काढला. दोन्ही डोळ्यांनी एकाच दिशेला पाहणाऱ्या प्राण्यांच्या दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यांकडून निघणाऱ्या नसा, मेंदूत शिरण्याआधी एकत्र येतात, मासे आणि सरडगुहिरा यांच्या येत नाहीत, असं त्याने लिहिलं आणि ‘मला मिळालेली माहिती बरोबर असेल तर’ अशी पुस्तीही जोडली. गंमत म्हणजे माणसाच्या रांगेत त्याने कुत्र्याबरोबर मेंढी आणि बैलही उभे केले. मेंढीचे डोळे कुठे असतात हे लिंकनशरच्या शेतकऱ्याच्या मुलाला माहीत नसेल असं नाही. पण तिची दोन्ही दृष्टिक्षेत्रं समोर थोडीफार एकमेकांवर येतात, म्हणजे तो अगदीच चुकला नव्हता.

१८२४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम वोलास्टनने स्वतःच्याच आजारावरून, म्हणजे दोन्ही डोळ्यांची अर्धी नजर एकदम जाण्यावरून, प्रत्येक डोळ्याचे अर्धे तंतू ओलांडून मेंदूच्या दुसऱ्या बाजूला जातात आणि अर्धे आपल्याच बाजूला राहतात असा तर्क केला. १८२६ मध्ये योहानेस म्युलरने तो विषय पुढे नेला. प्रत्यक्ष पुरावा बर्नहार्ड फॉन गुडेनकडून आला. १८७० च्या दशकात त्याने नुकत्याच जन्मलेल्या सशांचा एक डोळा काढून, पिल्लं मोठी झाल्यावर मेंदूत कोणते तंतू वाळून गेले ते पाहिलं. हाच गुडेन बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याचा मनोविकारतज्ज्ञ. जून १८८६ मध्ये दोघांचे मृतदेह स्टार्नबर्ग तळ्यात सापडले. न्यूटन, म्युलर आणि गुडेन या तिघांच्या नावाने पुढे नियम रूढ झाला: डोळे जितके समोर, तितके न ओलांडणारे तंतू जास्त. माणसात ते साधारण ४५ टक्के, उंदरात तीनेक टक्के, सशात त्याहूनही कमी.

हे गणित रंगद्रव्यावरही अवलंबून असतं. १९७३ मध्ये गिलरी आणि कास यांनी अमेरिकेतल्या एका पांढऱ्या वाघाचा मेंदू तपासला, तेव्हा समोर पाहणाऱ्या त्या जनावरात नको तेवढे तंतू पलीकडे गेलेले आढळले. पांढऱ्या वाघांचं घराणं १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहनपासूनचं.

ओलांडायचंच कशाला, याचं सगळ्यात देखणं उत्तर स्पेनचा मेंदूशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल याने १८९८ मध्ये दिलं. डोळ्याचं भिंग चित्र उलटं पाडतं. बाजूला डोळे असलेल्या प्राण्याची ही दोन उलटी चित्रं आपापल्या बाजूने मागे नेऊन शेजारी ठेवली, तर भलत्याच कडा एकमेकींना भिडतील. उलटे छापलेले दोन फोटो जागा न बदलता चिकटवावेत तसं. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे नेलं, की सांधा बरोबर जुळतो आणि अखंड देखावा तयार होतो. काहालच्या मते सगळ्या ओलांडण्याचं मूळ इथेच होतं. हे वाचताना ‘व्वा’ म्हणावंसं वाटतं. अडचण एवढीच, की मेंदूत तो देखावा बघत बसलेलं दुसरं कुणी नसतं.

तपासणी झाली ती विजेमुळे. १९४१ मध्ये टॅलबट आणि मार्शल यांनी मांजर आणि माकडाच्या मेंदूवर विद्युतलहरी टिपत दृष्टीचा नकाशा काढला. १९५० मध्ये थॉम्पसन, वूल्सी आणि टॅलबट यांनी सशाचा काढला. प्रकाशाचा ठिपका समोर हलवायचा आणि मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे वरच्या थराची, कोणती जागा जागी होते ते नोंदवायचं, अशी ही पद्धत. सशात आणि पुढे उंदरातही जे दिसलं ते काहालच्या चित्राच्या नेमकं उलट होतं. नाकासमोरचं जग प्रत्येक गोलार्धात बाहेरच्या, कानाकडच्या कडेला मांडलेलं. बाजूचं आणि मागचं जग मध्यरेषेकडे. म्हणजे जो सांधा जुळवण्यासाठी तंतू ओलांडतात असं काहाल म्हणत होता, त्याच सांध्याच्या दोन कडा एकमेकींपासून सगळ्यात लांब! मेंदूचं त्यावाचून काही अडत नाही. दोन गोलार्धांना जोडणाऱ्या जाड पट्ट्यातले तंतू नेमके त्या बाहेरच्या कडांपाशी दाट असतात. शिवण तिथे घातलेली आहे, कापड शेजारी नसलं म्हणून काय झालं?

घोडेवाल्यांमध्ये जुनी समजूत आहे, की एका डोळ्याने पाहिलेलं घोड्याच्या दुसऱ्या डोळ्याला कळत नाही. १९९९ मध्ये एव्हलिन हॅन्गी यांनी घोड्यांना एका डोळ्यावर पट्टी बांधून शिकवलं आणि पट्टी बदलून विचारलं. घोडे बरोबर उत्तर देत होते.

सशाच्या नकाशाची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. माणसाच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, मधोमध एक ठिपका तीक्ष्ण असतो आणि मेंदूतली जागा त्यासाठी भरमसाट जाते. सशाकडे असा ठिपका नाही. त्याच्या दृष्टिपटलावर पेशींचा दाट आडवा पट्टा असतो आणि तो क्षितिजाच्या रेषेवर येतो. १९६५ मध्ये चौधरी आणि व्हिटरिज यांनी सशाच्या मेंदूतल्या मधल्या टप्प्यावरचा नकाशा मांडला होता. १९७१ मध्ये ह्यूजने दृष्टिपटलापासून बाह्यकापर्यंतचा सगळा हिशोब जुळवला. पट्ट्यावर पेशी दाट, म्हणून मेंदूतली जागाही क्षितिजाला जास्त. उघड्या माळावर राहणाऱ्याला कोल्हा दिसणार तो त्याच रेषेवर. मेंढीच्या आडव्या बाहुलीचाही उपयोग असाच: २०१५ मध्ये दाखवलं गेलं, की चरायला मान खाली घातली तरी मेंढीचे डोळे खोबणीत फिरून बाहुली जमिनीला समांतर ठेवतात.

डेव्हिड व्हिटरिज हे एडिंबरातले. आपल्या ऑतार सिंग पेंटल यांनी त्यांच्याच हाताखाली पीएचडी केली. मेंढीच्या मेंदूचा नकाशा व्हिटरिज यांनी पीटर क्लार्कबरोबर १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी आणि व्ही. एस. रामचंद्रन यांनी नुकत्याच जन्मलेल्या कोकरांच्या मेंदूत, दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या बारीक फरकाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी दाखवल्या. बाजूला डोळे म्हणजे जवळ-लांब कळत नाही, हे पाठ्यपुस्तकी वाक्य तेव्हाच मोडीत निघायला हवं होतं.

हे नकाशे एकदा वंशावळीच्या भांडणातही ओढले गेले. बहुतेक सस्तन प्राण्यांत मध्यमेंदूच्या प्रत्येक बाजूला विरुद्ध बाजूच्या डोळ्याचं संपूर्ण दृष्टिपटल मांडलेलं असतं. माकडं आणि माणसात मात्र जगाचा फक्त अर्धा भाग. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॅक पेटिग्रू यांना मोठ्या फळखाऊ वटवाघळांत माकडांसारखी मांडणी दिसली, आणि ही वटवाघळं म्हणजे उडणारी माकडंच, असा दावा त्यांनी केला. डीएनएने तो फेटाळला. फळखाऊ वटवाघळं इतर वटवाघळांचीच भावकी निघाली.

आता बहुतेक काम उंदरावर चालतं. २००७ मध्ये वांग आणि बुर्खाल्टर यांनी त्याच्या बाह्यकात मुख्य नकाशाभोवती नऊ-दहा छोटे नकाशे मोजले. २०२१ मध्ये तर समोर, जरा वरच्या बाजूला, जास्त बारकाईने पाहणारी जागाही सापडली. उंदराला अशी जागाच नसते असं तोवर धरून चाललं होतं.

जुने नकाशे बहुतेक बेशुद्ध, डोकं जखडलेल्या जनावरांवर काढलेले. २०१३ मध्ये जेसन कर यांच्या जर्मनीतल्या गटाने मोकळ्या फिरणाऱ्या मोठ्या उंदरांच्या म्हणजे रॅटच्या डोक्यावर बारीक कॅमेरे बसवले. डोकं झुकेल तसे त्यांचे दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना, कधी अगदी उलट, फिरत होते. दोन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसवण्याची त्यांना फिकीर नव्हती. दोन्ही डोळ्यांना दिसणारा पट्टा मात्र ते सतत डोक्यावरच्या आकाशात राखून होते, जिथून घार येते.