सरासरी ओझ्यावरची चाचणी फसवते

1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की मिरकरवाडा, हर्णेचे ट्रॉलर पुन्हा दर्यावर जातात. जाळं ओढून घेणाऱ्या त्यांच्या विंचचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, किती हंगाम टिकेल हे तपासायचं, तर मोह होतो तो सरासरीचा: हंगामभराच्या ओढीची सरासरी काढा आणि तेवढ्याच ओढीवर शाफ्ट फिरवत ठेवा. उत्तर चुकतं, आणि तेही धोक्याच्या बाजूने.

ओढीखाली फिरताना शाफ्टचा पृष्ठभाग प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणला, एकदा दाबला जातो. त्यातून कीवेच्या (चाक पक्कं बसवायला शाफ्टवर कोरलेल्या खाचेच्या) कोपऱ्यात बारीक तडा जातो आणि वाढत राहतो. ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही. अशा भागाचं आयुष्य ताणाच्या पाचव्या घाताने घटतं असं धरलं, तर दोनाचा पाचवा घात 32, म्हणजे आयुष्य बत्तिसाव्या भागावर येतं!

आकडे मांडू. साध्या ओढीवर शाफ्ट 20 लाख फेरे टिकतो असं धरा. मग दीडपट ओढीवर सुमारे 2,63,000 आणि दुपटीवर 62,500. एका हंगामात साध्या ओढीचे 1,00,000 फेरे, भरलेल्या जाळ्याचे दीडपट ओढीने 10,000, आणि जाळं खडकात अडकल्यावर दुप्पट ओढीचे 2,500. प्रत्येक गटाचे फेरे भागिले त्या ओढीचं आयुष्य: 0.05, 0.038, 0.04. बेरीज 0.128. ती 1 झाली की शाफ्ट संपला, म्हणजे जेमतेम आठ हंगाम. सरासरी ओढ येते 1.07 पट, आणि तिच्यावरून उत्तर निघतं तेरा हंगाम. अडकलेल्या जाळ्याचे फेरे शेकडा दोनच, पण एकूण नुकसानीतला त्यांचा वाटा जवळपास तिसरा हिस्सा. ही बेरीज अभियंते पामग्रेन यांनी 1924 मध्ये बेअरिंगसाठी आणि माइनर यांनी 1945 मध्ये विमानाच्या धातूसाठी मांडली.

याच हिशेबाने चाचणी आटोपशीर होते: दुप्पट ओढीचे 8,000 फेरे (62,500 गुणिले 0.128) म्हणजे एक हंगाम. त्याहून जास्त ओढ लावू नका. शाफ्ट कायमचा वाकला तर तो बिघाडच वेगळा. बेरजेला ओढींचा क्रम कळत नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा हलक्या-जड ओढी मिसळून फिरवा. मिठाचा फवाराही हवाच, कारण खाऱ्या पाण्यात पोलादाची 'या ताणाखाली कधीच तुटत नाही' ही मर्यादा उरत नाही. पण गंजाला वेळ लागतो, त्यामुळे घाईची चाचणी त्याला कमी लेखते.

आणि नमुने? 90 टक्के विश्वासाने '90 टक्के शाफ्ट टिकतील' म्हणायचं, तर 22 शाफ्ट एकही न तुटता पार पडले पाहिजेत. '10 लाख फेरे टेस्टेड' या जाहिरातीत ओढ किती ते नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

शाफ्ट तुटला की बोटीला नजर लागली म्हणतात. तुटलेला भाग धुऊन पाहा: ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा वक्र रेषा बऱ्याचदा दिसतात, आणि त्या जिथून पसरतात तिथेच तडा सुरू झालेला असतो.