घरी शिकणाऱ्या मुलांचा कॉलेज प्रवेश : तेराव्या वर्षीच बघायच्या गोष्टी

"पोराला सगळं येतंय हो, पण कागदाचं काय?" घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक आमच्याकडे येतात ते बहुतेक हाच प्रश्न घेऊन. तोवर पोरगं सतरा वर्षांचं झालेलं असतं. आमचं सांगणं एवढंच, की हा प्रश्न तेराव्या वर्षी घेऊन या.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात, म्हणजे आपल्या कोल्हापुरात, प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्या गावात "आम्ही मुलीला शाळेत घातलेलं नाही" असं पै-पाहुण्यांत सांगायला छाती लागते, हे आम्ही जाणतो. कॉलेजला मात्र त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांना मान्यताप्राप्त मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका लागतात.

दहावी कुठून?

आपल्याकडे मुख्य वाटा दोन. एक, राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. यात शाळा सोडल्याचा दाखला मागतात. निदान पाचवीपर्यंत शाळेत जाऊन मग घरी शिकलेल्यांना हे जमतं. शाळेचं तोंडच न पाहिलेल्या मुलाचं इथे अडतं. दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय उत्तीर्ण व्हायचे, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे दोन विषय आत्ता आणि तीन पुढच्या खेपेला असंही करता येतं. तालमीत किंवा शूटिंग रेंजवर दिवस घालवणाऱ्या मुलांना ही सोय फार उपयोगी पडते. फक्त दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रात दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणून दहावी रेंगाळली की पुढचं सगळंच रेंगाळतं.

दहावीनंतर मुलाला नेहमीच्या ज्युनिअर कॉलेजात घालायचं असेल तर अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, हे ध्यानात ठेवा.

विषय निवडताना घाई नको

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मुक्त विद्यालयात विषय निवडायची मोकळीक असते. मुलाला गणित नको वाटतं, सोडून दिलं जातं. सोळाव्या वर्षी त्यालाच इंजिनिअरिंगला जावंसं वाटतं. तिथे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच, शिवाय ठरलेल्या तीन विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. मेडिकलचं गणित आणखी वेगळं. मुक्त विद्यालयाची बारावी 'नीट' या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला चालते, पण भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांच्या जोडीला इंग्रजीही लागतं. मराठी सोपं जाईल म्हणून भाषा विषय मराठी घेतला आणि इंग्रजी राहून गेलं, की सगळा अभ्यास करूनही दार बंद. शिवाय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत, तेव्हा हुशार आहे म्हणून बारावी लवकर उरकण्यात काही हशील नाही.

इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे एमएचटी-सीईटीचे प्रश्न राज्य मंडळाच्या पुस्तकांवर निघतात, साधारण २० टक्के अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे. मुक्त विद्यालयाची पुस्तकं वाचून बारावी निघेल. सीईटीसाठी राज्य मंडळाची पुस्तकं घरात वेगळी आणावीच लागतात.

तीन तास बसायची सवय

ही मुलं बोलायला लागली की ऐकत राहावं. पेपर लिहायला बसली की घोळ होतो. मधमाश्यांच्या पेट्या सांभाळणारं पोर परागीभवनावरच्या दोन गुणांच्या प्रश्नाला दीड पान लिहितं आणि घड्याळ बघतं तेव्हा अर्धा पेपर कोरा असतो. ज्ञान कमी नसतं, 'कारणे द्या' म्हणजे किती द्या, हेच कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आमच्याकडे दर पंधरवड्याला घड्याळ लावून एक पूर्ण पेपर लिहून घेतो, तोही शाईच्या नाहीतर बॉलपेनने. टाइप करायच्या सवयीची बोटं तासाभरात दुखायला लागतात.

कागदपत्रं

जन्मदाखला, आधार आणि परीक्षेचा अर्ज, तिन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव नसणं ही नेहमीची तक्रार. ते परीक्षेच्या अर्जाआधी दुरुस्त करा. गुणपत्रिकेवर चुकीचं नाव छापून आलं की हेलपाटे ठरलेले. जातीच्या दाखल्यासाठी मुलाच्या शाळेचा दाखला नसतो, म्हणून वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला आत्तापासूनच शोधून ठेवा. जात पडताळणीला वेळ लागतो, ती शेवटच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.

आणखी एक, खास आपल्या सीमेवरच्या भागासाठी. जवळ पडतं म्हणून कर्नाटकातल्या निपाणीकडचं परीक्षा केंद्र घेऊ नका. राज्याच्या सीईटी प्रवेशात बहुतेकांना दहावी-बारावी महाराष्ट्रातून ही अट लागते. ती मोडली की दुसऱ्या कलमात बसवण्यासाठी धावाधाव होते.

शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात कला-वाणिज्यला जाणाऱ्यांचं त्यामानाने सोपं आहे. दुसऱ्या मंडळाची बारावी असल्याने पात्रता प्रमाणपत्र आणि मूळ स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, एवढं सांभाळा.

आम्ही काय करतो, काय नाही

विषयांची निवड, अर्ज, पेपरचा सराव आणि प्रवेश फेऱ्यांचे पर्याय भरणं यात आम्ही बरोबर असतो. प्रवेशाची हमी देत नाही, मॅनेजमेंट कोट्यातल्या जागांचे व्यवहार करत नाही. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. येताना जन्मदाखला, आधार, वडिलांचा शाळेचा दाखला आणि मुलाने अलीकडे स्वतःच्या हाताने लिहिलेली कुठलीही दोन पानं आणा. मुलालाही आणा, आम्ही आधी त्याच्याशीच बोलतो, आईवडिलांशी नंतर.