तारलीचा हंगाम, रापण आणि पर्ससीन: वादामागचा इतिहास

दरवर्षी पाऊस ओसरला की मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनाऱ्यावर तोच वाद पुन्हा पेटतो: पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे थव्याला भर पाण्यात घेरणाऱ्या जाळ्यांच्या बोटींनी, तारली हा छोटा तेलकट मासा बाहेरच्या बाहेर उचलला, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीपर्यंत येऊच दिला नाही. बातम्यांत तो 'पारंपरिक विरुद्ध आधुनिक' असा छापून येतो. खरं भांडण आहे ते थवा किती वाव (खोलीचं माप, एक वाव म्हणजे सुमारे 1.8 मीटर) पाण्यात अडवायचा, याचं.

तारलीचा मुख्य पट्टा केरळातल्या कोल्लमपासून रत्नागिरीपर्यंतचा. म्हणजे सिंधुदुर्ग त्याच्या उत्तर टोकाजवळ. मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत दक्षिणेकडे तळाचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यात डायटम (सूक्ष्म शैवाल) फोफावतात आणि तारलीची पिल्लं त्यावर पोसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून थवे उथळ पाण्यात शिरतात, त्यांच्या मागून सुरमईसारखे शिकारी मासे येतात. पट्ट्याच्या टोकाला असल्यामुळे इथली आवक बेभरवशाची. एखाद्या वर्षी किनाऱ्यावर ढीग, तर एखादं वर्ष कोरडं.

ही चढउतार जुनीच आहे. फ्रान्सिस डे यांनी 1865 मध्ये मलबारच्या माशांवर लिहिताना तिची नोंद केली होती. पुढे तारली इतकी घटली की 1943 मध्ये मद्रास सरकारने लहान तारली धरण्यावर निर्बंध घातले. अलीकडचा दाखला केरळचा: 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन, 2021 मध्ये अवघी 3,297 टन. तेव्हा मासा कमी झाला की सगळं खापर एकाच जाळ्यावर फोडणं बरोबर नाही. पण मासा कमी असताना तो कोणाच्या वाट्याला जातो, हे मात्र जाळंच ठरवतं.

रापण चालते कशी, हे पाहिल्याशिवाय तिचं दुखणं कळत नाही. एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवायचा, होडी जाळं सोडत अर्धगोल घेते आणि दुसरा दोर काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडची माणसं ओढायला लागतात आणि ओढता ओढता एकमेकांकडे सरकतात. वरच्या दोराला बोये, खालच्याला शिसं. मधल्या भागाचा आस (जाळ्याची भोकं) बारीक, कारण शेवटी मासा तिथेच साचतो. दोन्ही बाजूंचा वेग सारखा राहिला नाही तर जाळं तिरकं होतं आणि सैल बाजूने थवा निसटतो. शिशाचा दोर तळापासून उचलला गेला तर तारली खालून जाते. बोये बुडाले तर वरून उड्या मारते. तळाच्या खडकात जाळं अडकलं तर कुणाला तरी बुडी मारून सोडवावं लागतं. आणि थवा फार मोठा असला तर घाईत ओढलेलं जाळं फाटतं. अशा वेळी ते पाण्यातच धरून टोपल्यांनी मासा थोडा थोडा काढायचा.

पूर्वी हे जाळं ताग-सुताचं असे आणि कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवलं जाई. नायलॉन आल्यावर ते काम गेलं, ओझंही घटलं. वाटणीची रीत मात्र टिकली: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. म्हणूनच एका रापणीवर कितीतरी घरं चालतात. मोठ्या आवकीत विकून उरलेली तारली वाळवून माडांना खत म्हणून जाई. तारलीत तेल भरपूर. बर्फ वेळेवर मिळाला नाही तर काही तासांतच पोट फुटतं आणि भाव कोसळतो.

पर्ससीन 1970 च्या दशकात कर्नाटकात रुजलं आणि तिथल्या रांपणी (तिकडची रापण) बघता बघता बसल्या. हे जाळं थव्याभोवती गोल टाकतात, मग तळाचा दोर आवळून पिशवी बंद करतात. थवा किनाऱ्याला लागायची वाट पाहावी लागत नाही, आणि रापणीला तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही. गोव्यात त्याच दशकात रापणकारांचं आंदोलन उभं राहिलं आणि 1980 च्या कायद्यानंतर तिथे यांत्रिक मासेमारीला किनाऱ्यापासून 5 किलोमीटरची मर्यादा आली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. त्याखाली ट्रॉलरबंदीची (समुद्रात जाळं ओढत नेणाऱ्या बोटींवरच्या बंदीची) हद्द अंतराऐवजी खोलीवर ठरली, ठिकाणाप्रमाणे 5 ते 10 वाव. पण रात्रीच्या अंधारात एखादी बोट किती वाव पाण्यात आहे, हे किनाऱ्यावरून कुणाला सांगता येणार? तक्रार सिद्ध करायची तर गस्तीनौका त्या जागी, त्या वेळी हवी.

पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 च्या अधिसूचनेने राज्याच्या 12 सागरी मैलांच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला. बारमाही मासेमारीला चाप बसला, हे चांगलंच झालं. पण तारली किनाऱ्याजवळ येते तीही नेमकी याच चार महिन्यांत! जानेवारीपासूनच्या बंदीचा लाभ रापणीला पोहोचेपर्यंत तिचा ऐन हंगाम सरत आलेला असतो. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने 12 मैलांपलीकडेही एलईडी दिव्यांच्या (उजेडाने मासा ओढून घेणाऱ्या) मासेमारीवर बंदी घातली, 2021 च्या दुरुस्तीने राज्यातले दंड लाखांच्या घरात नेले. किनाऱ्यालगतचं पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रापणीसाठी राखून ठेवण्याचा प्रश्न मात्र या कशानेही सुटलेला नाही.