रोधकाचा वर्णसंकेत

विद्युत मंडलातील रोधकाचे (प्रवाहाला अडवणाऱ्या घटकाचे) मूल्य त्याच्या अंगावरील रंगीत पट्ट्यांनी दर्शविण्याची पद्धत. दुरुस्ती करणारे कारागीर रोधकाला बहुधा ‘रजिस्टन्स’ म्हणतात. घरगुती उपकरणांच्या पीसीबीवरील (घटक बसवलेल्या छापील मंडलाच्या पाटीवरील) बहुतेक रोधक या पद्धतीने सहज वाचता येतात. येथे विचार केला आहे तो मुख्यतः ज्या रोधकांवर नेहमीचे वाचन फसते त्यांचा.

संकेताचा उगम अमेरिकेतील रेडिओ-उद्योगात झाला. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याची स्वतःची खूण असे. काही ग्रंथांत हा संकेत १९२० च्या आसपासचा म्हटला आहे. परंतु तो ज्या रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनच्या नावाने ओळखला जातो, ती संस्थाच १९२४ मध्ये स्थापन झाली. असे रोधक बसवलेले पहिले रेडिओ १९३० चे मानले जातात. त्यामुळे १९२० नंतरच्या दशकाचा उत्तरार्ध हा काळ अधिक ग्राह्य वाटतो. आरंभीच्या रोधकांवर पट्टे नव्हते. सबंध अंगाचा रंग हा पहिला अंक, टोकाचा रंग दुसरा अंक आणि मधला ठिपका म्हणजे पुढील शून्ये, असे वाचन होते. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत असे रोधक अजूनही सापडतात आणि पट्ट्यांच्या सवयीने ते हमखास चुकीचे वाचले जातात. पुढे संस्थेचे नाव अनेकदा बदलले (१९५७ मध्ये इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन). आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने हा संकेत आपल्या ६२ क्रमांकाच्या मानकात घेतला. या मानकाचा आजचा क्रमांक ६००६२ आहे.

रंगांचा क्रम मराठी वाचकाला अर्धा पाठच असतो. शाळेतील ‘तानापिहिनिपाजा’मधून ‘पा’ गाळला की तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा हे अनुक्रमे २ ते ७ अंक मिळतात. त्यांच्या आधी काळा (०) व तपकिरी (१), नंतर करडा (८) व पांढरा (९). गाळलेला पारवा आणि येथील करडा यांची गल्लत मात्र करू नये. तंत्रनिकेतने व आयटीआयमध्ये याच क्रमासाठी ‘बी. बी. रॉय’चे इंग्रजी वाक्य पाठ करवले जाते. आपल्या मुलांना तानापिहिनिपाजा अधिक जवळचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चार पट्ट्यांत दोन अंक, एक गुणक (अंकांपुढील शून्ये सांगणारा) व एक सह्यता, म्हणजे छापील मूल्यापासून किती टक्के ढळण्याची मुभा आहे ते, असते. पाच पट्ट्यांत अंक तीन असतात. अडचण येते ती वाचन कोणत्या टोकाकडून करायचे याची. तपकिरी-काळा-काळा-तांबडा-तपकिरी हे १० किलोओहम (ओहम हे रोधाचे एकक), तर हाच रोधक उलटा धरला की तपकिरी-तांबडा-काळा-काळा-तपकिरी म्हणजे १२० ओहम होतो. दोन्ही वाचनांत सह्यता १ टक्का, आणि दोन्ही मूल्ये बाजारात सर्रास मिळणारी. सह्यतेचा पट्टा इतरांपेक्षा रुंद असावा अशी मानकाची अपेक्षा आहे, पण स्वस्त मालात ती पाळली जातेच असे नाही. अशा वेळी रोधक मोजणे हाच खात्रीचा मार्ग उरतो.

सोनेरी व चंदेरी रंग अंक म्हणून येत नाहीत. गुणक म्हणून सोनेरीचा अर्थ ०.१ व चंदेरीचा ०.०१, सह्यता म्हणून अनुक्रमे ५ व १० टक्के. म्हणून करडा-तांबडा-सोनेरी-सोनेरी हा रोधक ८.२ ओहमचा. उपकरणाच्या वीजपुरवठ्यात, तारेतून वीज आत येते त्याच जागी, २ वॅटचा असा रोधक वारंवार आढळतो. तो नुसता रोधक नसून फ्यूजही असतो. उपकरण चालू होतानाचा प्रवाहाचा लोंढा तो आवरतो, आणि पुढे काही शॉर्ट झाले तर ज्वाला न धरता तुटतो. काही उत्पादक सह्यतेनंतर काळा वा पांढरा पाचवा पट्टा देऊन हा गुण सुचवतात, परंतु ही खूण सर्वमान्य नाही. पाच पट्टे दिसले म्हणून तीन अंक वाचू लागावे, तर तिसऱ्या जागी सोनेरी येतो आणि वाचन अडते. हे अडणेच रोधक वेगळ्या जातीचा असल्याचा पुरावा आहे. तेथे त्याच मूल्याचा साधा कार्बनचा रोधक बसवल्यास उपकरण चालते, पण पुढच्या बिघाडात तो पेट घेऊ शकतो. अशा ठिकाणी नुसते मूल्य जुळवणे पुरेसे नाही. जातही जुळली पाहिजे.

दुसरे फसवे उदाहरण उच्च दाबाच्या (व्होल्टेजच्या) रोधकांचे. सोनेरी व चंदेरी रंगात धातूचे कण असतात आणि उच्च दाबाला ते बाधक ठरू शकतात. म्हणून मूळ फिलिप्स कंपनीच्या, आता विशे कंपनीच्या नावाने मिळणाऱ्या व्हीआर२५, व्हीआर३७ या मालिकांत ५ टक्क्यांसाठी पिवळा व १० टक्क्यांसाठी करडा पट्टा वापरतात. मानकाच्या नव्या आवृत्तीत पिवळ्याला ०.०२ टक्के असा अगदी निराळा अर्थ दिल्याने घोटाळा वाढला आहे. या रोधकांचे अंग फिकट निळे, म्हणजे नेहमीच्या मेटल फिल्म रोधकासारखेच असते. तपकिरी-काळा-हिरवा-पिवळा हा १ मेगाओहम. उलट वाचला तर ४५ ओहम येतो, आणि ४५ हे मूल्य प्रमाणित मालिकांत, म्हणजे रोधक ज्या ठरावीक मूल्यांचेच बनतात त्यांच्या याद्यांत, नाही. अशी मालिकेशी ताडणी नेहमी करावी. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टला पोचते, तर पाव वॅटचा सामान्य रोधक बहुधा २५० व्होल्टपर्यंतच सुरक्षित असतो. मुख्य वाहिनीवर (२३० व्होल्टच्या बाजूला) एकाच रोधकाऐवजी दोन-तीन एकापुढे एक जोडलेले दिसतात ते यामुळे.

जळालेल्या रोधकाचे रंग विश्वासार्ह राहत नाहीत. तांबडा व नारिंगी तपकिरीकडे झुकतात. वरचा लेप हलकेच खरवडून दोन्ही टोकांपासून तुटलेल्या जागेपर्यंतचा रोध वेगवेगळा मोजावा व बेरीज करावी. तारेच्या रोधकात ही बेरीज मूळ मूल्याच्या जवळ येते. फिल्मच्या रोधकात काही भाग जळून गेल्याने ती थोडी कमी भरते, म्हणून वरचे नजीकचे प्रमाणित मूल्य घ्यावे. मात्र पीसीबीवरील वीजपुरवठ्याजवळचा रोधक सहसा एकटा जळत नाही. डायोड, कपॅसिटर व स्विचिंग आयसी शॉर्ट आहेत का हे आधी तपासले नाही, तर नवा रोधकही तत्क्षणी जातो.

रोधक न काढता मोजल्यास शेजारचे समांतर मार्ग मिळून वाचन खऱ्यापेक्षा कमी येऊ शकते, जास्त येत नाही. त्यामुळे जागेवरचे वाचन पट्ट्यांपेक्षा बरेच जास्त भरले, तर रोधक बिघडला असे निःशंक म्हणावे. अपवाद एवढाच, की कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असेल तर कोणतेही वाचन खोटे ठरते. मोजण्यापूर्वी प्लग काढून कपॅसिटर रिकामा करणे जिवाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. अनेक स्वस्त पीसीबींत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि प्लग लावलेला असताना ५ व्होल्टची बाजूही मुख्य वाहिनीशी थेट जोडलेली असते.

पीसीबीच्या पृष्ठभागावरच बसवलेल्या बारीक रोधकांवर रंग नसून अंक असतात: ४७२ म्हणजे ४.७ किलोओहम, ४आर७ म्हणजे ४.७ ओहम. १ टक्क्याच्या बारीक रोधकांवर दोन अंक व एक अक्षर येते. तेथे अंक मूल्य नसून कोष्टकातील अनुक्रम असतो. अक्षर हा गुणक, सी म्हणजे १००. कोष्टकात ०१ म्हणजे १०० व ६८ म्हणजे ४९९, म्हणून ०१सी म्हणजे १० किलोओहम, ६८सी म्हणजे ४९.९ किलोओहम.

रोधकासारखे दिसणारे सगळेच रोधक नसतात. एकच काळा पट्टा असलेला घटक म्हणजे शून्य ओहमची जोडतार. किंचित फुगीर, बहुधा हिरव्या अंगाचा पट्टेदार घटक म्हणजे वेटोळे (इंडक्टर) असू शकते. त्याचे रंग मायक्रोहेन्री सांगतात, आणि पीसीबीवर त्याच्या शेजारी ‘आर’ऐवजी ‘एल’ छापलेले असते. ५डी-९ छापलेली चकती म्हणजे २५ अंश सेल्सिअसला ५ ओहम व ९ मिलिमीटर व्यासाचा थर्मिस्टर, म्हणजे तापला की रोध घटणारा घटक. हात लावून गरम झालेला मोजला तर तो कमी भरतो.